पीएचपी: कॉमेंटमधली अ‍ॅनोटेशन्स की भाषेतलेच अ‍ॅट्रिब्युट्स?

जुना पीएचपी प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मित्राचा प्रश्न: राउटिंगची (कोणत्या पत्त्यावर कोणता कोड चालवायचा याची) माहिती डॉकब्लॉकमध्येच, म्हणजे /** ने सुरू होणाऱ्या कॉमेंटमधल्या अ‍ॅनोटेशन्समध्येच ठेवावी, की 2020 मध्ये पीएचपी 8 ने आणलेले, #[ ] मध्ये लिहायचे अ‍ॅट्रिब्युट्स घ्यावेत?

चूक कधी कळते, हा माझ्या मते खरा निकष. डॉकब्लॉक म्हणजे भाषेच्या लेखी निव्वळ कॉमेंट. सुरुवातीला दोनऐवजी एकच तारांकन पडलं, तर रिफ्लेक्शनला (कोडबद्दलची माहिती वाचणाऱ्या पीएचपीच्या सोयीला) तो दिसतच नाही. एरर नाही, राउटही नाही. ऑपकॅशमध्ये (तयार कोड साठवून ठेवणाऱ्या पीएचपीच्या सोयीत) कॉमेंट जपणं बंद केलं की सगळंच गायब! #[ ] मधली कंसाची चूक मात्र पार्सर (कोड वाचून त्याची रचना तपासणारा भाग) तिथल्या तिथे पकडतो. तरी हुरळून जाऊ नका: अ‍ॅट्रिब्युटच्या क्लासचं नाव चुकलं, तर त्याचा ऑब्जेक्ट बनवायला जाईपर्यंत पीएचपी हूं की चूं करत नाही.

वेग? वाचलेली माहिती कॅशमध्ये जपली की फरक जाणवत नाही.

मेहनतीचं म्हणाल, तर रेक्टर हा कोड बदलून देणारा प्रोग्रॅम बरंचसं रूपांतर आपोआप करतो. एकात एक गुंफलेली अ‍ॅनोटेशन्स तेवढी हाताने तपासा. तशी रचना अ‍ॅट्रिब्युट्समध्ये 8.1 पासूनच जमते.

सर्व्हर पीएचपी 7 वरच अडकलाय? मग डॉकब्लॉकच बरा. नवं काम असेल किंवा डॉक्ट्रिन ओआरएम या डेटाबेस हाताळणाऱ्या लायब्ररीच्या आवृत्ती 3 वर जायचं असेल, तर अ‍ॅट्रिब्युट्स. तिथे अ‍ॅनोटेशन वाचणारा ड्रायव्हर काढूनच टाकलाय.