कोटीचा कॅडेट प्रोग्रॅम की फ्लाइंग क्लब? पायलट व्हायचं ठरवणाऱ्या घरासाठी

भाच्याची बारावी झाली आणि ताईच्या जुळे सोलापूरच्या घरी टीपॉयवर दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या. एक गुळगुळीत कागदाची जाड फाईल: विमान कंपनीशी जोडलेला कॅडेट पायलट प्रोग्रॅम, फी 1 कोटी 10 लाख, मुदत वीस महिने. दुसरं दाजींच्या वहीतलं एक पान: फ्लाइंग क्लबमधून सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स), नंतर टाइप रेटिंग (ठरावीक जातीचं विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण), समोर पेन्सिलने मांडलेले आकडे. दाजींचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं शेड आहे. तारण ठेवण्याजोगं तेवढंच. बँकेच्या कर्ज विभागात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून ताईने मला बोलावलं होतं. "तूच बघ बाबा, आम्हाला यातलं काय कळतंय?"

मलाही कळत नव्हतं. पुढचे चार महिने मी याच्याच मागे होतो. जे हाती आलं ते इथे मांडतो, कारण गेल्या वर्षभरात सोलापुरात हाच प्रश्न मला आणखी तीन घरांनी विचारलाय. 2023 च्या जूनमध्ये विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, जून 2025 मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. चिमणीची हळहळ अजून अनेकांच्या मनात आहे, माझ्याही आहे. पण डोक्यावरून विमान जायला लागल्यापासून इथली पोरं वर बघायला लागलीत, हेही खरंच.

पहिली गोष्ट, लायसन्स दोन्हीकडे एकच. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था, तिच्या नियमाप्रमाणे सीपीएलला किमान 200 तास उड्डाण लागतं. त्यात 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून (विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन), 300 नॉटिकल मैलांचं एक क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचं उड्डाण), रात्रीचं उड्डाण, इन्स्ट्रुमेंटचे (फक्त उपकरणांवर विसंबून उडायचे) तास. नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल हे पेपर 70 टक्के गुणांनी सोडवायचे आणि रेडिओची परीक्षा वेगळी. कोटी भरले म्हणून यातलं काहीही माफ होत नाही. वयाची अठरा वर्षं, बारावीला फिजिक्स-गणित आणि क्लास वन मेडिकल (व्यावसायिक पायलटची आरोग्य तपासणी), हेही दोघांना सारखंच. मग वरचे पैसे कशाचे? माझ्या मते दोनच गोष्टींचे: सलग प्रशिक्षणाचे आणि रांगेतल्या जागेचे. या दोन्ही गोष्टी तुमच्या घरासाठी किती मोलाच्या आहेत, ते ठरलं की बाकीचं आपोआप ठरतं.

सलग प्रशिक्षण

इथे कॅडेट प्रोग्रॅमचं पारडं खरोखर जड आहे आणि ते मी लपवणार नाही. भाच्याला घेऊन मी एका फ्लाइंग क्लबच्या धावपट्टीवर पूर्ण दिवस काढला. पत्र्याच्या शेडखाली अकरा मुलं-मुली बसलेली, बाहेर चालू स्थितीतली दोन विमानं. तिसऱ्याचं इंजिन उतरवलेलं होतं. सकाळी धुरकट होतं म्हणून दहापर्यंत कोणी उडालं नाही, दुपारी वारा आडवा झाला. संध्याकाळपर्यंत चौघांचा नंबर लागला. एका मुलाने आम्हाला त्याचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची वही, दाखवली. सोळा महिन्यांत 94 तास. एका महिन्यात सात तास दहा मिनिटं, पुढच्यात पाच चाळीस, जुलैचं पान कोरं. तो म्हणाला, "सर, दहा-बारा दिवसांनी उडालं की पहिली वीस मिनिटं हात आठवण्यातच जातात." त्या वीस मिनिटांचेही पैसे त्याच्याच खिशातून जातात. 200 तासांत काम होईल असं धरलेल्या मुलाला म्हणूनच 215-220 तास लागतात आणि दीड वर्षाची अडीच वर्षं होतात.

कॅडेट प्रोग्रॅममध्ये बॅच ठरलेली असते, वेळापत्रक असतं. उड्डाणाचा भाग परदेशात असला तर हवामान आणि विमानांची संख्या दोन्ही बहुधा बरी असते. मुलगा आठवड्यातून तीन-चारदा उडतो, हात बसतो. पहिल्या दिवसापासून चेकलिस्ट, दोघांनी मिळून कॉकपिट चालवायची शिस्त आणि विमान कंपनीची भाषा अंगवळणी पडते. पुढे सिम्युलेटरवरच्या परीक्षेत याचा उपयोग होतो.

पण सगळे क्लब एका मापाचे नाहीत. 1 ऑक्टोबर 2025 पासून डीजीसीएने फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली, वर्षातून दोनदा. पहिल्या यादीत सर्वांत वरची श्रेणी एकालाही मिळाली नाही, यावरून काय ते समजा. तरी यादी बघाच. आणि तिथे जाऊन एकच प्रश्न विचारा: आज किती विमानं उडतायत आणि विद्यार्थी किती? कार्यालयात बसून मिळालेलं उत्तर धरू नका, शेडखाली बसलेल्या मुलांना विचारा. देखभाल कोण करतं, तेही विचारा. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं कोसळली होती. आईबापांनी हा प्रश्न विचारताना संकोच करायचं काही कारण नाही.

पैसे

आता माझ्या कामाचा भाग. दाजींकडे हातात 20 लाख. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागतेच, म्हणजे शेड आलंच. व्याज साडेदहा टक्के धरलं.

कॅडेट प्रोग्रॅमसाठी 90 लाख कर्ज. हप्त्याहप्त्याने उचललं तरी वीस महिने अधिक थोडा उशीर धरून व्याज साठतं आणि फेड सुरू होताना आकडा 1 कोटी 2 लाखांच्या आसपास जातो. दहा वर्षांचा मासिक हप्ता 1 लाख 37 हजार. टाइप रेटिंग यात धरलेलं आहे का, हे फी-पत्रकात नीट बघावं लागतं. राहणं-खाणं, व्हिसा, जादा तास, नापास पेपरची फी बहुतेक वेळा धरलेली नसते. फीचा काही भाग डॉलरमध्ये असेल तर रुपया घसरला की तो बोजाही घरावरच.

क्लबचा मार्ग: सीपीएलपर्यंत 55 लाख धरा. 20 घरचे, 35 कर्ज, व्याज साठून 40 लाख. हप्ता 54 हजार. नंतर टाइप रेटिंगचे 18 लाख वाढवले तर 58 लाखांवर हप्ता 78 हजार.

नव्या फर्स्ट ऑफिसरच्या (सहवैमानिकाच्या) हातात सुरुवातीला दीड-दोन लाख पडतील असं धरलं, तर पहिल्या मार्गाने पगाराचा बहुतेक भाग बँकेत जातो. तरीही नोकरी लागली तर दोन्ही मार्ग निभावतात, आणि फाईलमधला प्रत्येक तक्ता नोकरी लागली असं धरूनच काढलेला असतो. मी दाजींना दुसरा तक्ता काढून दिला: सीपीएल हातात आहे आणि दोन वर्षं नोकरी नाही. एका बाजूला 54 हजारांचा हप्ता, शेड चालू राहिलं तर ओढाताण करून भरता येईल असा. दुसऱ्या बाजूला 1 लाख 37 हजार. तो दाजींच्या धंद्यातून निघत नाही. शिवाय रिकामं बसलेल्या मुलाचं मेडिकल दर वर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणी दर वर्षी, हात चालू ठेवायला उड्डाणाचे तास. लायसन्स कपाटात ठेवलं तरी खर्च मागतं.

आणखी एक फरक आहे, तो कोणी सांगत नाही. क्लबच्या मार्गावर प्रत्येक पायरीला थांबता येतं. मेडिकलला काही हजार, पेपरच्या क्लासला लाख-दीड लाख, मग उड्डाण, आणि टाइप रेटिंगचे 18 लाख तर एखाद्या कंपनीने निवडल्यावरच काढायचे. (आधी स्वतःहून टाइप रेटिंग करून ठेवणं हा जुगार आहे, तो खेळू नका.) कॅडेट प्रोग्रॅममध्ये थांबता येतं, पण भरलेलं परत येत नाही.

रांगेतली जागा

फाईलमधला सगळ्यात मोठ्या अक्षरातला शब्द होता 'नोकरीची खात्री'. सोबतचं एलओआय, म्हणजे कंपनीचं इरादापत्र, बारीक अक्षरात होतं. मी पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचली. कंपनीची त्या वेळची गरज, ताफ्याची वाढ, सर्व चाचण्यांतलं यश, यावर नेमणूक अवलंबून. तारीख कुठेच नाही. उशीर झाला तर व्याज कोणी भरायचं, त्यावर एक शब्द नाही. बँकेत असं पत्र घेऊन कोणी आलं असतं तर मी ते हमी म्हणून धरलं नसतं.

या धंद्याचा स्वभावच असा आहे. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला थांबली आणि अनुभवी पायलट रांगेत पुढे येऊन उभे राहिले. वर्षभरात कोरोना आला, 25 मार्च ते 24 मे 2020 देशांतर्गत प्रवासी विमानसेवाच बंद होती. मे 2023 मध्ये गो फर्स्ट थांबली. आणि त्याच 2023 मध्ये एअर इंडियाने 470, इंडिगोने 500 विमानांची ऑर्डर जाहीर केली आणि डीजीसीएने 1,622 सीपीएल दिली. डिसेंबर 2025 मध्ये विश्रांतीच्या नव्या नियमांपुढे इंडिगोला वैमानिक पुरले नाहीत, तेव्हा पायलटची टंचाई सगळ्या देशाने पाहिली. म्हणजे मागणी आहे, पण ती तुमचा मुलगा बाहेर पडेल त्याच महिन्यात असेल असं नाही. रांगेत पुढची जागा मिळते हे खरं, पण रांग पुढे सरकेल याची जबाबदारी कोणी घेत नाही.

तरी ही जागा बिनमोल नाही. क्लबमधून आलेला मुलगा सीपीएल घेऊन खुल्या भरतीत हजारोंबरोबर उभा राहतो. कॅडेट निदान कोणाच्या तरी यादीत असतो.

तिसरी वाट

रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी, 1985 पासूनची सरकारी संस्था. फी साधारण 45 लाखांच्या घरात, प्रवेश परीक्षा देशपातळीवरची. तिथे नंबर लागला तर माझ्या मते दुसरा विचार करू नये. शिवाय ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांनी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची पायलट प्रशिक्षणाची योजना चालू आहे का ते आधी बघावं. लाखोंचा प्रश्न आहे आणि अर्ज न केल्यामुळे संधी गेली असं व्हायला नको.

मग कोणी काय घ्यावं

ज्या घराचा कोटभर रुपया दोन वर्षं अडकला तरी चूल आणि छप्पर हलणार नाही, आणि मुलाने क्लास वन मेडिकल व निदान तीन पेपर आधीच काढलेत, त्याने कॅडेट प्रोग्रॅम जरूर घ्यावा. त्याला वेळ विकत घेता येतो आणि तो वेळ खरा आहे. ज्या घराला त्यासाठी एकुलतं एक शेड किंवा शेतीचा सातबारा ठेवावा लागतो, त्याने घेऊ नये. मुलगा कितीही हुशार असला तरी. त्याच्या हुशारीचा कंपनीच्या ताफ्याशी संबंध नाही.

मेडिकलच्या आधी तर कुणीही, कुठल्याही मार्गावर, एक रुपया भरू नये. चष्मा चालतो, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर वाट तिथेच अडू शकते, आणि ते ब्रोशरवर लिहिलेलं नसतं.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो तासभर बोलला नाही. अठराव्या वर्षी 'थांब' हा शब्द ऐकणं सोपं नसतं, माझ्याही जिवावर आलं होतं. मग म्हणाला, "मामा, पेपरचा अभ्यास तर घरी बसूनही करता येतो ना?" पुण्याला क्लास टू, म्हणजे आधीच्या टप्प्याचं, मेडिकल झालं, क्लास वन झालं. रेग्युलेशन्स आणि नॅव्हिगेशन सुटलं, मेटिऑरॉलॉजीत 66 पडले, तो पुन्हा बसतोय. फुरसतगंजचा अर्ज भरणार आहे. नाही जमलं तर आम्ही दोन क्लब निवडून ठेवलेत, दोन्हीकडे दिवसभर शेडखाली बसून आलोय. शेडचे कागद अजून दाजींच्याच कपाटात आहेत.