स्टीफन ग्रेलेटच्या आठवणी (दोन खंड, पुनर्मुद्रण): सात महिन्यांनंतर

काल रात्री दुसऱ्या खंडाची पानं सुटून मांडीवर पडली, म्हणून लिहायला बसले. दोन्ही खंडांना 1,850 रुपये मोजलेत आणि आत शिवण नाहीच, नुसता डिंक. विक्रेता म्हणतो, बदलून द्यायची मुदत दहा दिवसांची होती. एवढे जाड खंड दहा दिवसांत वाचून होत नाहीत, हे त्याला पटेना.

पण बांधणीपेक्षा मला छळलं ते तारखांनी. ग्रेलेट क्वेकर, म्हणजे युद्ध नाकारणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा प्रचारक. त्या काळी क्वेकर मंडळी महिन्यांची नावं घेत नसत. तिसरा महिना, अकरावा महिना, असंच लिहीत. रविवार म्हणजे ‘पहिला दिवस’. त्यांचा पहिला महिना मार्च, असं कुठंतरी वाचलेलं, म्हणून तसा तक्ता करून पुस्तकात ठेवला. तो हिशेब 1752च्या आधीचा निघाला, इंग्लंडात वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं तेव्हाचा! ग्रेलेट आणि त्याचा इंग्रज क्वेकर सोबती विल्यम ॲलन रशियात पीटर्सबर्गला पोचले नोव्हेंबर 1818 मध्ये, मी जानेवारी धरलेला. निघाले मार्च 1819 मध्ये, मी मे. पुढचा क्रिमिया, कॉन्स्टँटिनोपल, रोम हा सगळा प्रवास माझ्या डोक्यात दोन महिने उशिरा चालला होता. प्रकाशकानं एक पानभर टीप आणि एक नकाशा द्यायला काय हरकत होती?

वाचनाच्या चौथ्या महिन्यात मात्र माझा राग निवळला. यातली काही नावं रोमन देवांची, म्हणून ते टाळत. मार्च हा युद्धदेवाचा महिना. जो माणूस झारपुढे आणि पोपपुढे शांततेची बाजू घेऊन उभा राहिला, त्याच्या लेखणीतून ते नाव न येणं मला आता योग्य वाटतं. टीप हवीच, पण तारखा बदलू नयेत.

पैसे वसूल झाले ते 1813च्या लंडनमध्ये. न्यूगेट तुरुंगात बायका उघड्या फरशीवर पडलेल्या, तान्ह्या मुलांच्या अंगावर धड कपडा नाही. ग्रेलेट तिथून थेट एलिझाबेथ फ्राय या क्वेकर बाईकडे गेला. तिनं बायका जमवून बाळांसाठी कपडे शिवून घेतले आणि मग स्वतः तुरुंगात गेली. तुरुंग सुधारणेत फ्रायचं नाव सगळे घेतात. तिला ही खबर देणारा लिमोजचा हा फ्रेंच निर्वासित होता, हे मला इथं कळलं. तो भाग मी तीनदा वाचला.

दोन्ही खंड आज बाइंडरकडे टाकलेत. शिवण घालायचे 400 रुपये म्हणाला. दुरुस्त केलेला तक्ता पहिल्या खंडाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायला सांगितलाय.