मेडेको घ्यावं की अब्लॉय?

नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी ‘सगळ्यात अवघड कुलूप दाखवा’ म्हटलं, तर काकांनी काउंटरवर पितळेचा ठोकळाच आणून आदळला. ‘ताई, घणालापण दाद देणार नाही.’ घण मला घालायचाच नव्हता. मला ते घरी नेऊन, व्हाइसमध्ये धरून, पातळ पत्तीनं चावीशिवाय उघडायचं होतं. त्या हिशेबात वजनाला शून्य मार्क. ठोकळा घेतला मात्र, त्याच्याकडे पुढे येते.

स्वतःचीच कुलपं चावीशिवाय उघडणं हा माझा छंद. हे लिहितेय ते साधी पाच-सहा पिनांची (चावी आत गेली की उचलल्या जाणाऱ्या बारीक कांड्यांची) कुलपं हातावेगळी करून बसलेल्यांसाठी. या छंदातली मंडळी कुलपांना कराटेसारखे पट्टे लावतात, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. वरच्या पट्ट्यांतली नावं ऐकून हात शिवशिवतात, पण परदेशी कुलूप, त्यावर कुरियर, त्यावर कस्टम... माझ्यासारखीला वर्षाकाठी एकच परवडतं. आणि नियम एकच, पण तो पाळायचाच: कुलूप स्वतःच्या मालकीचं हवं आणि कुठल्याही दाराला लागलेलं नको. सोसायटीच्या मीटररूमचं तर नकोच नको.

माझ्या मते या टप्प्यावर खरी निवड दोन कंपन्यांच्या कुलपांतच आहे, मेडेको आणि अब्लॉय. मेडेको अमेरिकेतलं, व्हर्जिनियाचं, १९६८ पासूनचं. साध्या कुलपात पिन ठरलेल्या उंचीवर आली की तिचं काम संपतं. मेडेकोत तिनं उंचीही गाठायची आणि स्वतःभोवती नेमकी वळायचीही. पिनेचं टोक छिन्नीसारखं, म्हणून चावीवरचे कापही तिरके. सगळ्या पिना उंचीवर आल्या तरी बाजूची एक पट्टी, साइडबार, त्यांच्या खाचांत शिरल्याशिवाय गाभा, म्हणजे चावीबरोबर फिरणारा भाग, सुटत नाही. म्हणजे एकाच दाराला दोन राखणदार, आणि एकाला पटलं की दुसरा अडतो.

पण हे कुलूप बोलतं. स्प्रिंगा आहेत, पिना आहेत, बोटाला बारीक ‘टक’ कळतो. माझं वापरलेलं मेडेको तिसऱ्या आठवड्यात केसभर फिरलं, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी आईला उठवलं. ती डोळे चोळत येईपर्यंत कळलं की ती फसवी फिरकी आहे. एक पिन उंचीला बरोबर होती, कोनाला नव्हती. आई म्हणाली, ‘चावी आहे ना त्याची?’ आणि परत जाऊन झोपली. ते सुटलं त्यानंतर नऊ दिवसांनी. आईला उठवलं नाही.

अब्लॉयचं तंत्र मुळातच वेगळं. फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सननं १९०७ साली बसवलेलं. आत पिना नाहीत, स्प्रिंगा नाहीत. एकामागे एक चकत्या, आणि चावी अर्धगोल सळीसारखी. प्रत्येक चकती आपापल्या कोनात फिरली, सगळ्यांच्या खाचा एका रेषेत आल्या, की साइडबार आत पडतो. स्प्रिंगच नसल्यामुळे ठोकून पिना उडवायची युक्ती इथं चालत नाही. आणि काही ‘टक’ वगैरेही ऐकू येत नाही. कुठली चकती घट्ट, कुठली सैल, एवढंच हाताला लागतं.

त्यासाठी हत्यार वेगळं लागतं, आणि इथं नाशिककरांचं नशीब जोरावर आहे. सातपूर-अंबडला लेथ, ग्राइंडर, हार्डनिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. मी कागदावर चित्र काढून ओळखीच्या टूलरूममध्ये गेले. टर्नरदादांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद उलटासुलटा केला. ‘ताई, हे दाताच्या दवाखान्यातलं का?’ पहिलं टोक तिसऱ्याच चकतीवर पिळवटलं. दुसरं हार्डनिंग करून आणलं, ते काडकन तुटलं. ‘जरा पाणी उतरवायला पाहिजे होतं,’ दादा म्हणाले. तिसरं अजून शाबूत आहे. अब्लॉय उघडण्यात माझा निम्मा वेळ कुलपावर गेलाच नाही, तो या सळीवर गेला. ज्याला हत्यार घडवायचा कंटाळा आहे त्यानं या वाटेला जाऊ नये.

मात्र घ्यायचं ते जुनं क्लासिक. त्याच घराण्यातलं प्रोटेक घेऊन सुरुवात करू नका. त्यात गाभ्यावर जोर आला की चकत्या जागच्या जागी अडकतात, म्हणजे ‘जोर देऊन चाचपणं’ हा आपला धंदाच बंद. तो काळा पट्टा आहे, शोकेसमध्ये वर्षभर पडून राहील.

ऑस्ट्रियाच्या एव्हाचं एमसीएस सोडूनच द्या. चावीत चार लोहचुंबक, कुलपात आठ चकत्या, त्या चुंबकाच्या ओढीनंच योग्य कोनात वळायच्या. कौतुक वाटतं, पण पहिल्या पाच कुलपांतही घेऊ नये. अमेरिकेचं बौली वेगळ्या कारणानं छळतं: पिना आडभिंतीमागे आहेत, आणि तिथवर सरळ सळी पोचतच नाही.

आणि बजेटच नसेल तर? काकांचा ठोकळा. आपल्याकडे गोदरेज १८९७ पासून कुलपं करतंय, अलीगढ आणि दिंडीगुल तर कुलपांचीच गावं. ठोकळ्यात पिनांऐवजी लिव्हर, म्हणजे चावीनं उचलायच्या पट्ट्या. लिव्हरच्या कुलपाला मेडेकोचा रुबाब नाही, पण लिव्हरनं मोठमोठ्यांना घाम फोडलाय. इंग्लंडात चबचं १८१८ चं लिव्हर कुलूप असं होतं की एक लिव्हर जास्त उचलली तर ते अडकून बसायचं आणि मालकाला चुगली करायचं. १८५१ साली हॉब्स नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्यानं लंडनला येऊन ते उघडलंच, शिवाय ब्रामा या दुसऱ्या कुलूपवाल्याचं आव्हानाचं कुलूपही. त्यावर २०० गिनींचं बक्षीस होतं. ब्रामाचं कुलूप उघडायला हॉब्सला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. रोजचे तीन तास झाले. नोकरी सांभाळून आपण तेवढा वेळ कुठून आणणार, म्हणून महिन्याभरात सुटलं नाही तर खट्टू होऊ नका. माझा सात लिव्हरचा ठोकळा चार संध्याकाळी पुरला. उघडून खोलायला गेले तेव्हा एक स्प्रिंग उडाली, ती दिवाळीच्या साफसफाईत कपाटाखाली सापडली.

तर माझा कौल असा. ओळखीत लेथ असेल आणि चिकाटीपेक्षा कारागिरी आवडत असेल, तर अब्लॉय क्लासिक. हाताशी फक्त व्हाइस, दोन पत्त्या आणि रात्रीची शांतता असेल, तर मेडेको. मला परत निवडायचं झालं तर मी मेडेकोच घेईन, कारण ते आपल्याला हरवतानाही काहीतरी सांगतं.

‘मग घराच्या दाराला यातलं कुठलं लावू?’ असं शेजारच्या वहिनींनी विचारलं होतं. पेपरातली घरफोडीची बातमी काढून बघा, ‘कडीकोयंडा तोडून’ असंच लिहिलेलं असतं. चोर आमच्यासारखा तीन आठवडे बसत नाही. वहिनींना मी कोयंड्याचे आखूड स्क्रू बदलून लांब लावायला सांगितलं, कुलूप होतं तेच ठेवा म्हटलं.

वापरलेलं कुलूप मागवत असाल तर चावी सोबत हवीच, आणि ती त्याच कुलपाची आहे ना, याचा विक्रेत्याकडून व्हिडिओ मागा. चावीशिवाय गाभा नीट खोलता येत नाही, आत काही मोडलंय का तेही कळत नाही. माझ्या पहिल्या मेडेकोबरोबर आलेली चावी दुसऱ्याच कुलपाची निघाली. ती आत सुद्धा जात नव्हती, आणि मी आठवडाभर तेल घालत होते.