आईच्या फोनला वेगळं सिक्युरिटी अ‍ॅप हवं, की अँड्रॉइडचं आहे तेवढं पुरे?

नवा अँड्रॉइड फोन घरात आला की कुणीतरी हमखास विचारतंच, "अँटीव्हायरस टाकलास का?" मी दोन्ही वापरून पाहिलंय. आधी माझ्या आणि आईच्या फोनवर एका नावाजलेल्या कंपनीचं वर्गणीचं अ‍ॅप होतं, आता दोन्हीकडे फोनमध्ये आधीपासूनच असलेलं, अ‍ॅप्स तपासणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट आहे, बस्स. वर्गणी पुन्हा भरावी का या विचारात तुम्ही असाल तर हे वाचा. आयफोनवाल्यांनी सोडून दिलं तरी चालेल. तिथे एका अ‍ॅपला दुसरं अ‍ॅप तपासताच येत नाही.

घातक अ‍ॅप्स पकडण्याच्या बाबतीत चांगल्या कंपनीचं अ‍ॅप अजूनही थोडं सरस असू शकेल, हे आधीच मान्य करतो. प्ले प्रोटेक्ट २०१७ मध्ये आलं आणि सुरुवातीच्या चाचण्यांत त्याची कामगिरी यथातथाच होती. आता ते बरंच सुधारलंय. पण 'चांगल्या कंपनीचं' हे शब्द महत्त्वाचे. एव्ही-कंपॅरेटिव्हज या ऑस्ट्रियन संस्थेने २०१९ मध्ये अँड्रॉइडची २५० सुरक्षा अ‍ॅप्स तपासली. घातक अ‍ॅप्सपैकी ३० टक्क्यांहून जास्त पकडणारी आणि निर्दोष अ‍ॅपवर उगाच आळ न घेणारी निघाली फक्त ८०. तेव्हा फुकटातलं कुठलंतरी टाकणार असाल, तर न टाकलेलं बरं.

शिवाय फोनवरच्या अँटीव्हायरसचे हात बांधलेले असतात. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला वेगळा यूजर आयडी देऊन आपापल्या खोलीत कोंडतं, आणि तो नियम पहारेकऱ्यालाही लागू आहे. त्याला इन्स्टॉल झालेली अ‍ॅप्स, डाउनलोड आणि लिंक तपासता येतात. दुसऱ्या अ‍ॅपच्या खासगी फायली उघडता येत नाहीत. प्ले प्रोटेक्टला मात्र घातक अ‍ॅप स्वतःहून बंद करण्याचा किंवा काढून टाकण्याचा अधिकार आहे.

आता माझा निर्णय ज्याने झाला ते. पकडणं-बिकडणं नाही, सूचना. त्या वर्गणीच्या अ‍ॅपमध्ये 'सफाई' आणि 'बूस्ट' होतं, आणि दिवसाआड लाल रंगात काहीतरी झळकायचं. 'फोनमध्ये कचरा साठला आहे', 'फोन मंदावला आहे', 'तुमची सुरक्षा अपुरी आहे'. शेवटचीवर बोट लावलं की महागडी योजना. आईचा फोन यायचा, "अरे, कचरा झालाय म्हणतोय, दाबू का?" दाबलं की हिरवी बरोबरची खूण, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. होणारच. कचरा म्हणून जे दाखवत होतं त्यातला बराचसा भाग कॅशे, म्हणजे अ‍ॅपने पटकन चालण्यासाठी साठवलेली तात्पुरती माहिती होती, आणि पुसली की अ‍ॅप तीच पुन्हा जमवतं, तुमचा डेटा आणि बॅटरी खर्चून. मी सेटिंगमध्ये शोधून सूचना बंद केल्या, तर अ‍ॅपच्या अपडेटनंतर नव्या नावाने परत आल्या. माझा आक्षेप कटकटीपुरता नाही. 'फोन धोक्यात आहे, इथे दाबा' ही फसवणाऱ्यांची भाषा, आणि आईला ती रोज ऐकायची सवय आम्ही पैसे देऊन लावत होतो.

त्यात त्या बूस्टची गरजही नसते. मेमरी कमी पडली की कुठलं अ‍ॅप आधी बंद करायचं ते अँड्रॉइड स्वतः ठरवतं. पडून असलेल्या फोनला झोपवणारं डोझ २०१५ पासून आहे. बळजबरीने बंद केलेलं अ‍ॅप पहिल्यापासून सुरू करायला बॅटरी उलट जास्त जाते. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून तर इतरांच्या मागे चालणाऱ्या प्रक्रिया मारायची वाटच बंद झाली. म्हणून काही सफाईवाले आता अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, म्हणजे तुमच्या वतीने स्क्रीनवर बटणं दाबायची मुभा. साध्या अ‍ॅपचं सोंग घेऊन बँकेचे पैसे पळवणाऱ्या ट्रोजनना हवी असते तीही हीच. ही परवानगी एकाला द्या आणि दुसऱ्याला देऊ नका, हे मी आईला कसं समजावू?

आपल्याकडचा खरा धोका व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो: आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी, लग्नपत्रिका, आणि प्रत्येकाच्या शेवटी एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकणारी फाइल. २०२४ च्या ऑक्टोबरात गूगलने भारतासाठी प्ले प्रोटेक्टचा जो प्रयोग जाहीर केला तो नेमका यासाठी. ब्राउझर, मेसेजिंग अ‍ॅप किंवा फाइल मॅनेजरमधून येणारं अ‍ॅप एसएमएस, सूचना किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागणारं असेल, तर ते इन्स्टॉलच होऊ द्यायचं नाही. त्यावर आईच्या फोनमध्ये मी आणखी एक केलंय: 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा' ही परवानगी व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोम दोघांनाही बंद.

वर्गणीचं अ‍ॅप कुणी घ्यावं? मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचंय, फसव्या लिंकची चाळणी हवी आहे, एकाच परवान्यात लॅपटॉपही येतोय, त्यांना ते परवडतं. सुरक्षा अपडेट थांबलेल्या जुन्या फोनवरही थोडा आधार होईल, पण सिस्टिममधलं भोक कुठलंच अ‍ॅप बुजवत नाही. तिथे मी दोन-तीन वर्षांची वर्गणी साठवून पुढच्या फोनमध्ये घालीन. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षं अपडेटची हमी आहे, आणि त्या मानाने स्वस्त गॅलेक्सी ए१६ ला सहा.

तुमच्या अ‍ॅपच्या सूचना खरोखर बंद होत असतील, तर भरलेली वर्गणी संपेपर्यंत ते राहू द्यायला माझी हरकत नाही. ऑटो-रिन्यूअल मात्र आजच बंद करून ठेवा.