डुकरांच्या खाद्यात जंताचं औषध: फेनबेंडाझोल की आयव्हरमेक्टिन?
नागपूरकडे, हिंगणा नाहीतर कामठीच्या बाजूला डुकरं पाळणारे बरेच जण ही दोन्ही औषधं सारखीच समजतात, पण पोटात गेल्यावर दोघांचं काम एकदम वेगळं आहे बरं का. फेनबेंडाझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून रक्तात कमीच जातं, बरंचसं आतड्यातच राहून शेणावाटे बाहेर पडतं, आणि तेच तर पाहिजे कारण गोल जंत, चाबूकजंत तिथंच असतात, फक्त डोस 3 ते 12 दिवसांत विभागून द्या म्हणजे जंतांवर औषध जास्त वेळ काम करतं.

आयव्हरमेक्टिन मात्र रक्तात शिरतं, चरबीत साठतं, तिथून कातडीपर्यंत पोचतं, त्यामुळे खरूज आणि उवांवरही चालतं, खाद्यातून रोज डुकराच्या वजनाच्या किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, सलग 7 दिवस. चाबूकजंतावर हे कमी पडतं.

कानाच्या आत खपल्या धरल्यात, डुक्कर भिंतीला अंग घासतंय, तर माझं मत सरळ आयव्हरमेक्टिन. पण खाद्यातून देताना बारक्या डुकराकडे नीट बघा, मोठी त्याला ढकलतात, तो उपाशी म्हणजे औषधही नाही, अशाला वेगळं बांधून खाऊ घाला किंवा डॉक्टरकडून इंजेक्शनच द्या. विकायच्या आधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर वाचाच.