नवी पेठेतला ‘८ जीबी’चा सेट: रॅम खरी, विंडोज अपुरं

चादर-टॉवेलच्या कारखान्यात टॅली आणि बिलं, एवढ्यापुरता सेकंडहँड कॉम्प्युटर सेट हवा असेल तर सोलापुरात नवी पेठेत एका दुपारीत काम होतं. हे परीक्षण तिथल्याच एका दुकानाच्या ‘८ जीबी’ सेटचं. जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर २ ड्युओ ई७५०० प्रोसेसर, डीडीआर३ रॅमच्या ४-४ जीबीच्या दोन स्टिक, वर विंडोज १०. माल बरा आहे, पंखा साफ केलेला आहे. गोची आहे ती विंडोजमध्ये.

‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. रॅम ८ जीबी दिसते, पण पुढेच लिहिलेलं असतं की वापरता येण्याजोगी जेमतेम सव्वातीन जीबी. खाली सिस्टिम टाइप ३२ बिट. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “उरलेली ग्राफिक्स खातंय, साहेब.” ऑनबोर्ड ग्राफिक्स थोडी रॅम घेतं हे खरं, पण पावणेपाच जीबी नव्हे! ३२ बिट विंडोज १० ला मर्यादाच ४ जीबीची आहे, आणि त्यातलेही काही पत्ते (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) बोर्डावरच्या इतर डिव्हाइसना जातात.

प्रोसेसरची यात चूक नाही. पीएई (फिजिकल अ‍ॅड्रेस एक्स्टेंशन) ही प्रोसेसरमधली सोय १९९५ च्या पेंटियम प्रोपासून आहे. तिच्यामुळे पत्ता ३६ बिटचा होतो आणि ६४ जीबीपर्यंत रॅम धरता येते. ३२ बिट विंडोज १० ला तर पीएई लागतंच. तरी मायक्रोसॉफ्टने डेस्कटॉप आवृत्त्यांना ४ जीबीची वेसण ठेवली, कारण त्यावरचा पत्ता आला की बरेच जुने ड्रायव्हर गडबडायचे. त्यामुळे ‘बीसीडीएडिटने (विंडोजची बूट सेटिंग बदलणाऱ्या कमांडने) पीएई चालू करा’ असा सल्ला कोणी दिला तरी त्याने इथे एक एमबीही वाढत नाही.

दुकानातच तपासायचं तर ६४ बिट लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह लावा, इन्स्टॉल न करता बूट करा आणि सिस्टिम मॉनिटर बघा. साडेसात जीबीच्या पुढे आकडा आला तर बोर्ड आणि रॅम दोन्ही ठीक. तिथेही कमी दिसली तर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) मेमरी रिमॅप, म्हणजे ४ जीबीवरची रॅम वापरू देणारी सोय, बंद आहे का ते पाहा. लिनक्समध्ये पुरी आणि ६४ बिट विंडोजमध्ये कमी, असं झालं तर विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंग प्रोग्रॅमच्या बूट टॅबमध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्सखाली ‘मॅक्झिमम मेमरी’वर टिक राहिलेली असू शकते. ती काढा.

आता स्टिक. जी४१ ला २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप चालतात (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी), म्हणून ४ जीबीच्या स्टिकवर दोन्ही बाजू मिळून १६ काळ्या चिप हव्यात. एकाच बाजूला ८ असतील तर ती ४ गिगाबिटवाली. या बोर्डात अर्धीच दिसेल किंवा सेट उठणारच नाही. या सेटमधल्या स्टिक १६ चिपच्या आहेत, इथे दुकानाला पूर्ण गुण. माग शेजारी असेल तर कापसाचे तंतू स्लॉटमध्ये बसतात. सेट मध्येच बीप करू लागला तर प्लग काढा, स्टिकचे सोनेरी दात खोडरबरने पुसा, स्लॉटमध्ये ब्रश फिरवा.

उपाय एकच: ६४ बिट विंडोज. त्याच एडिशनला तेच लायसन चालतं, पण वरच्या वर अपग्रेड होत नाही. डिस्क कोरी करावी लागते. टॅलीचा डेटा आधी पेनड्राइव्हवर घ्या. बायोसमध्ये ‘एक्झिक्यूट डिसेबल बिट’ ही सेटिंग चालू ठेवा, नाहीतर सेटअप अडू शकतो.

एक अडचण मात्र खरी. फॉक्सप्रोवर लिहिलेलं जुनं डॉसचं बिलिंग ६४ बिटवर थेट उघडत नाही. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रॅममधून चालवावं लागतं, आणि डॉट मॅट्रिक्सवर छपाई जुळवायला वेळ जातो. सगळा धंदा त्या बिलिंगवरच असेल तर ३२ बिटच ठेवा आणि ४ जीबीचाच सेट मागा, पैसे तरी वाचतील.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती या प्रोसेसरवर बूटच होत नाही, कारण तिला लागणारा एसएसई ४.२ हा प्रोसेसरच्या सूचनांचा संच यात नाही. कोणी ‘अकरा टाकून देतो’ म्हणालं तर कोणती आवृत्ती ते विचारा. दुकानदार मागितल्यावर ६४ बिट टाकून देतो, जादा पैसे घेत नाही. फक्त बिलावर ‘६४ बिट, ८ जीबी वापरण्याजोगी’ असं लिहून घ्या.