चाळीची गॅलरी आणि टॉवरचे बंद दार

मुंबईत वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळीतील 160 चौरस फुटांच्या खोलीत मूल मावत नसे, म्हणून ते सामाईक गॅलरीत वाढे. आई कामावर गेली तरी शेजारच्या काकू त्याला वरणभात भरवीत आणि ते जिन्यावरून उड्या मारताना दिसले, तर हक्काने कानही पिळीत. पुनर्विकासातून मिळणाऱ्या 500 चौरस फुटांच्या सदनिकेत अभ्यासाला निवांत कोपरा आणि घरातच शौचालय आहे. ही सोय, विशेषतः वयात येणाऱ्या मुलींसाठी, लहान नव्हे. मात्र तेथे शेजाऱ्याच्या मुलाला दटावण्याआधी त्याच्या आईवडिलांची मर्जी पाहावी लागते. चाळीतल्या चौकशा जाचक असत, हे मान्य. तरीही पाच वर्षांखालील मुलासाठी मला गॅलरीच अधिक भरवशाची वाटते, दहावीच्या वर्षात मात्र बंद दार.